शिवणाची जागा

आपल्या जुन्या घरांची रचना ज्यांनी आखली, त्यांनी संसारातील बहुतेक प्रत्येक व्यवहाराला त्याची जागा नेमून दिली होती. ओटीवर आल्या-गेल्याने टेकावे, माजघरात बायकांचा वावर असावा, कोठीच्या खोलीत वर्षाचे धान्य राहावे, देवघरात नंदादीप तेवावा, बाळंतिणीसाठी निवाऱ्याची वेगळी खोली असावी आणि पायांतले जोडे काढावयाचे तेदेखील ठरल्या ठिकाणीच काढावेत, असा त्या वास्तूंचा शिरस्ता होता. शिवणाला मात्र या साऱ्या मुलखात कोठेच वतन मिळाले नाही. त्याचे कारण उघड आहे. लुगडे, धोतर, उपरणे, पंचा ही वस्त्रे मागावरून उतरत ती अंगावर यावयास सिद्ध होऊनच उतरत; जे थोडेफार बेतून शिवावयाचे ते गावचा शिंपी शिवी, आणि अलुतेदारांत त्याची गणना होत असल्यामुळे त्याच्या कामाची बैठक त्याच्या घरी असे. घरात उरे ते जीर्ण लुगड्यांची गोधडी घालणे, तान्ह्यासाठी झबली-टोपडी-कुंची करणे आणि उसवलेले सांधणे. ही कामे बायका दुपारचे जेवणखाण आटोपल्यावर जेथे उजेड असेल तेथे बसून करीत, उजेड सरकला की त्याच्यामागे आपले बसकर सरकवीत, आणि दिवेलागणीपूर्वी सुईदोरा एखाद्या कोनाड्यात ठेवून सैपाकाला उठत.

पुढे यंत्र आले. अमेरिकेत एलायस हाऊ याला १८४६ साली आणि आयझॅक मेरिट सिंगर याला १८५१ साली आपापल्या शिवणयंत्राचे एकस्व मिळाले. सिंगरच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्यांनी यंत्र देण्याची तजवीज केली आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच ते हिंदुस्थानच्या बाजारपेठांत येऊन पोहोचले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ हे देशी यंत्र तयार होऊ लागले आणि त्यानंतर मध्यम स्थितीतल्या कुटुंबालाही ही वस्तू आवाक्यातली वाटू लागली. या इतिहासात यंत्राच्या करामतीहून मला दुसरीच एक गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. ज्यांनी ही यंत्रे घडविली त्यांनी त्यांच्या काळ्याभोर, झिलईदार अंगावर सोनेरी वेलबुट्टी उमटविली, काहींवर तर पंख पसरलेल्या स्फिंक्सच्या आकृती रेखाटल्या, आणि पाय ठेवावयाची ओतीव लोखंडाची पाटीसुद्धा नुसती सपाट न ठेवता जाळीदार नक्षीची केली. गिरणीच्या मागाला किंवा लोहाराच्या भात्याला असा शृंगार कोणी चढवीत नाही. हे यंत्र घरातल्या माणसांच्या रोजच्या नजरेसमोर, बैठकीच्या खोलीत, मानाने नांदणार आहे ही जाणीव त्या कारखानदारांना होती, आणि म्हणून शिवणाचे साधन आमच्या घरात पाऊल टाकतानाच सजून आले. ते जेथे ठेवावयाचे ती जागा मात्र आम्ही सजविली नाही. पुष्कळदा ती दिलीच नाही.

यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीदेखील १९२४ साली एका तरुणाशी बोलताना सिंगरच्या यंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले होते, आणि त्या यंत्राच्या मुळाशी सिंगरची आपल्या पत्नीच्या कष्टांविषयीची कणव त्यांना दिसली होती. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत, आणि ज्या स्त्रीला नवऱ्याच्या मागे आपला व मुलांचा चरितार्थ चालवावयाचा होता तिच्या दृष्टीने शिवणयंत्र हे शेतीच्या तुकड्याइतकेच खात्रीचे उत्पन्नाचे साधन झाले. महाराष्ट्रात अशी किती कुटुंबे एका पायमशीनच्या चाकावर तगली याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. पण ज्यांच्या शाळेची फी परकर-पोलक्यांच्या शिलाईतून भरली गेली अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

माझी मावशी त्यांतली एक. मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या एका खोलीत, सहा माणसांच्या संसारात तिचे पायमशीन भिंतीला पाठ लावून उभे असे. सकाळी त्याच्या मेजावर मुलांची दप्तरे पडत, दुपारी इस्त्रीचे कपडे, संध्याकाळी चहाचे पेले, आणि रात्री माणसे अंथरुणावर पडावयाची झाली की त्याच्याखालच्या पोकळीत गाद्यांची एक वळकटी सरकविली जाई. मावशी शिवी ती या सर्व वहिवाटींच्या फटीतून मिळणाऱ्या दोन-अडीच तासांत. तिच्या हातची टीप अशी सरळ असे की दोऱ्याने आखली असावी. परंतु त्या कामात तिचा जितका वेळ शिवण्यात जाई, तितकाच मांडण्यात आणि आवरण्यात जाई. बेतलेले तुकडे एकावर एक रचून, त्यांत टाचण्या लावून, जुन्या चादरीत गुंडाळून ती फळीवर ठेवी आणि दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडल्यावर बाही कोणती, गळा कोणता, खडूची खूण कोठवर आली होती, याचा पुन्हा शोध घेत बसे. या शोधाबद्दल तिने कधी तक्रार केल्याचे मला स्मरत नाही. तक्रार करावयाची तर ती कोणाकडे, हाही प्रश्नच होता.

शिवणाची जागा सजवावयाची म्हणजे काय, याचा विचार मी करू लागले तो तिच्या या गाठोड्यापासून. स्वयंपाक ताटात वाढला की त्या दिवसापुरता संपतो, केर काढला की घर स्वच्छ होते. शिवण हे मात्र अर्ध्यावर थांबणारे आणि दुसऱ्या दिवशी त्याच टाक्यापासून पुढे जाणारे काम आहे. लेखकाला आपला कागद टेबलावर उघडा ठेवून उठण्याची मुभा असते, सुताराच्या शाळेत अर्धी तासलेली फळी रात्रभर तशीच राहते, आणि त्यांत कोणाला अव्यवस्था दिसत नाही. घरात शिवणाऱ्या बाईला ही मुभा नसते. तिचे अपुरे काम हा पसारा समजला जातो. म्हणून या जागेचे पहिले भूषण माझ्या मते हे, की तेथे सुईखाली कापड तसेच ठेवून उठता यावे आणि परत येऊन बसल्यावर ते जेथल्या तेथे असावे. एवढी तरतूद झाली की पुढची सजावट थोडक्या पैशांत होते. ती नसेल तर कितीही रंगीत डबे आणि कितीही सुबक फळ्या मांडल्या तरी तो देखावाच राहतो.

पुण्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात अशी जागा काढावयाची तर ती खिडकीपाशीच निघणार होती. शिवणाऱ्या माणसाला धनापेक्षा उजेडाची गरज आधी लागते. यंत्राची घडणच अशी आहे, की सुईचे डोके डाव्या अंगाला आणि चाक उजव्या अंगाला येते. मधला जाड खांब उजवीकडून येणारा प्रकाश अडवितो आणि त्याची सावली नेमकी सुईच्या पायाशी पडते. तेव्हा खिडकी डाव्या हाताला असावी. ते न जमल्यास समोर असावी. पाठीशी असेल तर आपल्याच मस्तकाची छाया कामावर पडते. कापडाचा भारही डावीकडेच साठत जातो, त्यामुळे उजवीकडे चाक फिरण्यापुरती आणि बॉबिन भरण्यापुरती वीतभर जागा पुरते, पण डावीकडे दीड-दोन फूट मोकळे लागतात. मागे भिंत असली तर यंत्र तिला अगदी चिकटवू नये. परकराचा घेर किंवा गोधडीची जाडी तेथे जाऊन तुंबते आणि टीप वाकडी जाते. या साध्या गोष्टी ध्यानात घेऊन मी जागा मोजली तेव्हा चार फूट रुंद आणि पाच फूट खोल एवढा चौकोन पुरेसा ठरला. एका माणसाचे अंथरूण पसरावयास याहून जास्त लांबी लागते.

खिडकीचा उजेड संध्याकाळी मावळतो आणि पावसाळ्यात दुपारीच मंदावतो. त्यासाठी दिव्याची सोय करावी लागते, आणि या कोपऱ्यात मी मोकळ्या मनाने पैसे खर्च केले ते प्रथम तेथे. छताच्या मध्यावरचा दिवा कितीही प्रखर असला तरी उपयोगाचा नाही, कारण आपण वाकलो की आपलेच अंग आड येते. मान वाकविता येणारा एक साधा दिवा डावीकडून, सुईच्या वीतभर वर येईल असा बसविला आणि त्यात पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी लावला, की थोडक्या खर्चात डोळ्यांचे रक्षण होते. पिवळा प्रकाश बैठकीच्या खोलीत सुखद वाटत असेल. शिवणात तो रंगांची दिशाभूल करतो. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या दुकानांत चोळीखणाचा रंग साडीच्या काठाशी जुळवून घ्यावयाचा झाला, की जाणते गिऱ्हाईक दोन्ही कापडे हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जाते, आणि दुकानदारही त्याला ‘बाहेर जाऊन बघा, वहिनी’ असे स्वतःहून सांगतो. आतल्या दिव्याखाली जे दोन लाल एकच वाटतात, ते बाहेर येताच एक विटकरी आणि एक किरमिजी निघतो. दोऱ्याचा रंग निवडण्याचा प्रसंग शिवणात रोज येतो. ज्या जागेत बसल्या बसल्या हा निर्णय करता येतो ती जागा अर्धी सजलीच म्हणावयाची.

याच कारणासाठी भिंतीच्या रंगाविषयी माझे मत ठाम आहे. शिवणाच्या जागेची भिंत शांत असावी. आमच्या लहानपणी चुन्यात किंचित नीळ घालून भिंतींना हात देत, आणि त्या निळसर पांढऱ्या पार्श्वभूमीवर कुंकवापासून हळदीपर्यंत प्रत्येक रंग आपल्या खऱ्या स्वरूपात उठून दिसे. हल्ली बाजारात फुलापानांचे चिकटकागद स्वस्तात मिळतात आणि लहान जागेला ते लावावेत असा मोह होतो. परंतु जेथे दिवसभर छापील चिटाशी, बुट्ट्यांशी आणि चौकड्यांशी दृष्टीचा व्यवहार चालतो तेथे भिंतीनेही बोलू लागावे हे मला रुचत नाही. चुन्याची एक लहान गोणी, चिमूटभर नीळ, चिकटपणासाठी थोडा डिंक आणि एक कुंचा, यांवर या कोपऱ्याच्या भिंतींचे काम एका सकाळी होते, आणि खर्च इतका अल्प येतो की तो जमाखर्चात वेगळा मांडण्याची गरज पडत नाही.

बसण्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. आसन यंत्राच्या मधोमध न ठेवता सुईच्या समोर ठेवावे, पाय पाटीवर सपाट टेकावेत आणि गुडघा मेजाला लागू नये; जुन्या लाकडी स्टुलावर गोधडीच्या चौकोनाची घडी घालून उंची हवी तेवढी करून घेता येते. बेतण्यासाठी मोठे मेज असावे असे शिवणाच्या वर्गांत सांगतात आणि ते खरेही आहे, पण लहान घरात जमिनीसारखे विशाल आणि विनाशुल्क मेज दुसरे नाही. सतरंजी घट्ट ताणून अंथरली, तिच्यावर कापडाचा पन्हा सरळ लावला आणि चारी कोपऱ्यांवर वजने ठेवली की बेत चुकत नाही. इस्त्रीची व्यवस्था मात्र हाताशी हवी, कारण प्रत्येक शिवण टीप मारल्याबरोबर दाबली गेली तरच कपड्याला सफाई येते. जुनी घोंगडी दुहेरी करून तिच्यावर धुवट मांजरपाटाचा तुकडा ताणून फळीला खिळ्यांनी ठोकला, की इस्त्रीची फळी तयार होते आणि काम झाल्यावर ती यंत्राच्या मागे उभी राहते.

आता वस्तूंच्या मांडणीकडे येते, कारण या जागेचे सौंदर्य मला मुख्यत्वे तेथेच दिसते. शिवणाचे जिन्नस स्वभावतःच देखणे असतात. रिळांचे रंग, गुंड्यांचे आकार, कात्रीच्या पात्याची चमक, खडूच्या निळ्या-गुलाबी वड्या, पितळी अंगुस्तान, हातमापाची पिवळी पट्टी, यांना बंद खणांत कोंडून वरून एखादी शोभेची वस्तू ठेवणे म्हणजे घरच्या माणसाला आत बसवून परक्याचा सत्कार करण्यासारखे आहे. मी हे सर्व भिंतीवर आणले. तीन फूट लांब आणि दीड फूट उंच अशी आंब्याच्या लाकडाची एक फळी, तिच्यावर ओळींनी ठोकलेले लांब खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एक रीळ, एवढीच ती रचना. फळी लावावयास आलेल्या मिस्त्रींनी हातोडी थांबवून विचारले, ‘ताई, सरळ लावू की जरा मागं झुकती? झुकती लावली तर गाडी गेली तरी रीळ पडायचं नाही.’ त्यांचे ऐकले आणि खालच्या बाजूला अर्ध्या इंचाची पाचर बसवून घेतली. रस्त्यावरून अवजड वाहन गेले की आमची इमारत थरथरते, पण रीळ जागचे हलत नाही. ही फळी उन्हाच्या तिरिपेत येऊ नये एवढी काळजी मात्र घ्यावी लागते, कारण ऊन सुती दोऱ्याचा रंगही उडविते आणि त्याचे बळही हिरावते. कामाला उजेड हवा आणि दोऱ्याला सावली, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे. रिळे लावताना मी पांढऱ्यापासून आरंभ करून पिवळा, केशरी, लाल, जांभळा, निळा, हिरवा आणि शेवटी तपकिरी-काळा असा क्रम ठेवला. हव्या त्या छटेकडे हात आपोआप जाऊ लागला हा व्यवहाराचा लाभ. आणि सकाळी खिडकी उघडल्यावर ती फळी ज्या प्रसन्नतेने उजळते, ती विकत घेतलेल्या चित्राने मिळाली असती असे मला वाटत नाही.

गुंड्यांसाठी काचेच्या बरण्या आहेत, त्या लोणच्याच्या आणि जॅमच्या. हुक-काज, टिचबटणे, नाडीची वेटोळी, फॉलचे गठ्ठे, लेसचे तुकडे यांची खरेदी करावयाची तर पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी यांच्यासारखे ठिकाण नाही; तेथे जो माल डझनाने व गुरुसाने मिळतो तो पेठेबाहेरच्या दुकानात नगावर दुप्पट भावाने घ्यावा लागतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चक्कर मारली तर पितळी हूक, लाकडी खुंट्या, मोडक्या यंत्राचे ओतीव लोखंडी पाय, एखादी जुनी पण अस्सल पोलादाची कात्री असा ऐवज हाती लागतो. कात्र्या दोन असाव्यात, एक कापडाची आणि एक कागदाची, आणि पहिलीने दुसरीचे काम कधीही करू नये. कापडाच्या कात्रीला मी लाल दोरा बांधून तिची खुंटी वेगळी ठेवली आहे आणि घरात त्या दोऱ्याचा हुकूम सर्वांनी मानला आहे. टाचण्यांच्या उशीत जुन्या बायका केसांचे गुंतवळ भरीत, त्यातील तेलामुळे टाचणी गंजत नाही म्हणून. अंगाच्या साबणाची झिजून उरलेली पातळ वडी वाळवून ठेवली, तर गडद कापडावर ती खडूहून रेखीव खूण करते आणि पहिल्याच धुण्यात निघून जाते. वर्तमानपत्रावर कापलेले बेताचे कागद, प्रत्येकावर माणसाचे नाव आणि माप लिहून, दाराच्या मागे एका खिळ्यावर अडकविले आहेत. त्या गठ्ठ्यात भाचीची पाचव्या वर्षापासून लग्नापर्यंतची सर्व मापे आहेत, आणि कोणत्याही छायाचित्रसंग्रहापेक्षा तिची वाढ मला त्यात अधिक बारकाईने दिसते.

पडद्याचा प्रश्न जुन्या साडीने सोडविला. सहावार म्हणून जी साडी आपण नेसतो ती साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट भरते. तिचे चार समान भाग केले की प्रत्येकी साडेचार फुटांचे पट मिळतात. माझ्या आईची काळपट हिरवी इरकल अंगावर नेसण्याजोगी राहिली नव्हती, घडीवर विरली होती. तिचे दोन पट चुण्या घालून खिडकीला लावले, लाल टोपपदराचा पट यंत्रावरच्या झाकणासाठी ठेवला आणि चौथ्यातून विरलेला भाग टाकून दोन पिशव्या झाल्या, एक चिंध्यांची व एक अपुऱ्या कामाची. त्या झाकणाविषयी थोडे सांगावयास हवे. यंत्रावर झाकण घालावे ते धुळीसाठी. पण घरोघर असे दिसते की एकदा झाकण पडले की त्यावर फुलदाणी येते, मग फोन, मग औषधांच्या बाटल्या, आणि वर्षभरात ते यंत्र नाहीसे होऊन त्याच्या जागी एक मेज उरते. म्हणून मी झाकणाचा माथा मुद्दाम सपाट न ठेवता यंत्राच्या पाठीच्या उंचवट्याप्रमाणे उतरता बेतला. त्याच्यावर काही ठेवलेच जात नाही.

चिंध्यांची पिशवी ही या जागेची खरी टांकसाळ आहे. बोटभर रुंद पट्टीपासून वीतभर चौकोनापर्यंत जे जे उरते ते तिच्यात जाते, आणि वर्षाकाठी त्यातून यंत्राच्या खांबाला बांधावयाची टाचण्यांची उशी, स्टुलाची बैठक, कात्रीचे म्यान, दिव्याच्या तारेचे वेष्टन, भिंतीवर खिशांचा एक लांब पट अशा वस्तू निघतात. खिशांच्या पटाला मी गुळेदगुड्डच्या खणाचे काठ लावले. खणाची ती आडवी बुट्टी आणि त्रिकोणी नक्षी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या चोळ्यांवर मिरवली आहे, आणि चोळी शिवताना काखेच्या ठिकाणी उरणारा जो निमुळता तुकडा सहसा फेकून दिला जातो तो येथे किनारीला नेमका बसला. नव्या कापडाची एक वारही या सजावटीसाठी विकत आणली नाही. हा काटकसरीचा भाग झाला. पण त्याहून अधिक असे, की त्या पटाकडे पाहताना प्रत्येक तुकड्याचे कापड कोणासाठी आणले होते, कोणत्या सणाला शिवले होते, हे मला सांगता येते.

पावसाळ्यात या जागेची निगा जास्त ठेवावी लागते. हवेतल्या ओलाव्याने चामडी पट्टा सैल पडतो, तेव्हा तो बोटभर कापून पुन्हा तारेने जोडावा लागतो. सुईच्या पाटीखालच्या दातांत दोऱ्याची लव साठून तेलाशी तिचा गाळ होतो, तो जुन्या दातब्रशाने काढून मगच नवे तेल सोडावे, आणि चिंधीवर दहा-वीस टाके चालवून तेल निथळू द्यावे. सुया तेलाच्या बोटाने पुसून फलानेलच्या घडीत ठेवाव्यात. कोकणातल्या घरांत हे सर्व दुपटीने करावे लागते. ज्यांना ही कामे कंटाळवाणी वाटतात त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. मला स्वतःला तेल दिलेल्या यंत्राचा बदललेला आवाज ऐकण्यात मोठे समाधान लाभते.

आमच्या इमारतीतील एक कॉलेजात जाणारी मुलगी हल्ली रविवारी येते आणि याच जागेत बसून शिकते. तिने पहिल्या दिवशी बॉबिन भरली, दुसऱ्या खेपेस उशीचा अभ्रा शिवला, आणि अर्धी शिवलेली पिशवी सुईखाली ठेवून निघताना ‘काकू, हे असंच राहू दे?’ असे जरा संकोचाने विचारले. राहू दे, म्हटले. पुढच्या रविवारी येथूनच पुढे जाऊ.

मावशी आता थकली आहे. चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीत तिच्या मुलाला पाचशे चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे, आणि त्याचा नकाशा तो गेल्या महिन्यात मला दाखवावयास घेऊन आला होता. त्या नकाशात शीतकपाटाची जागा आखलेली आहे, धुलाईयंत्रासाठी नळ आणि मोरी आहे, दूरदर्शन संचाची भिंत ठरलेली आहे, पलंगांचे चौकोन आहेत. शिवणयंत्र कोठेच नाही. मी पेन्सिल घेऊन मोठ्या खिडकीच्या अलीकडे, खिडकी डाव्या हाताला येईल अशा बेताने, चार बाय पाचाचा एक चौकोन काढला, त्यात दिव्यासाठी एक खटका दाखविला आणि मावशीला कळावे म्हणून शेजारी स्पष्ट अक्षरांत लिहिले: येथे गाद्या ठेवावयाच्या नाहीत.